किशोरवयीन मुलं आणि डिस्टोपियन कादंबऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं कोल्हापूर आणि आसपासच्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी, शाळेच्या ग्रंथपालांसाठी आणि आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आहेत. मुलांचा वाचनगट चालवायचा म्हटलं की हे प्रश्न हमखास पुढं येतात. ज्यांना फक्त वयानुसार पुस्तकं हवी आहेत त्यांनी थेट चौथ्या प्रश्नावर जावं. पण मुलांशी बोलायला बसण्याआधी दुसरा प्रश्न जरूर वाचावा.

१. डिस्टोपियन कादंबरी म्हणजे नक्की काय?

अशा कादंबरीच्या मुळाशी एक नियम असतो. तो सगळ्या समाजाला लागू असतो, सक्तीचा असतो आणि त्यावर प्रश्न विचारायची सोय नसते. लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर'मध्ये (१९९३) सगळं एकसारखं असायला हवं असा नियम आहे: हवामान, घरं, भावना, रंगसुद्धा. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये (१९५३) पुस्तक जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि अग्निशमन दलाचं काम पुस्तकं जाळण्याचं आहे. नियम, तो राबवणारी यंत्रणा आणि त्यात घुसमटू लागलेलं एक माणूस, एवढं असलं की डिस्टोपियन कादंबरीचा सांगाडा उभा राहतो.

एक गोष्ट मोठ्यांच्या नजरेतून बऱ्याचदा सुटते. हा नियम सुरुवातीला कुठल्यातरी खऱ्या दुखण्यावरचा उपाय म्हणून आलेला असतो. 'द गिव्हर'मधल्या समाजात कुणी उपाशी नाही, युद्ध नाही, भांडण नाही. ऑल्डस हक्सले यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) तर जवळपास सगळे खूश आहेत. वाचकाला आधी तो उपाय पटतो, आणि पानं उलटत जातात तशी त्याची किंमत कळत जाते. ही जाणीव सावकाश होणं हेच या प्रकाराचं खरं बळ.

महापूर, अणुयुद्ध किंवा साथीनंतर उरलेल्या माणसांच्या गोष्टी वेगळ्या. तिथं व्यवस्था कोसळलेली असते. डिस्टोपियात ती फार चोख चाललेली असते.

२. मुलांना असल्या काळ्याकुट्ट गोष्टी का आवडतात?

चौदा ते सतरा वयाच्या मुलाचा दिवस बघा. गणवेश कसा असावा, केस किती असावेत, फोन किती वेळ वापरायचा, कुठल्या क्लासला जायचं, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं. वर्गात कॅमेरा, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हजेरी आणि मार्क. दहावीचा निकाल लागला की थोड्या दिवसांत सायन्स, कॉमर्स की आर्ट्स याचा फैसला, आणि तो जन्मभराचा आहे असं घरीदारी सांगितलं जातं. आता वेरोनिका रॉथ यांची 'डायव्हर्जंट' (२०११) उघडा. सोळाव्या वर्षी एका समारंभात मुलानं पाचांपैकी एक गट निवडायचा, आणि तोच पुढं त्याचं कुटुंब. 'द गिव्हर'मध्ये बाराव्या वर्षी समिती मुलाचं काम जाहीर करते. अकरावी प्रवेशाच्या याद्या बघत बसलेल्या मुलाला हे परग्रहावरचं वाटेल कसं?

या वयात आणखी एक गोष्ट घडते. मोठी माणसं बोलतात एक आणि वागतात दुसरं, हे मुलांना पहिल्यांदा लख्ख दिसायला लागतं. 'कष्टाला फळ मिळतं' म्हणायचं आणि प्रवेशासाठी ओळख शोधायची, या दोन्हींतली फट त्यांना बोचते. घरात हे बोललं तर उद्धटपणा ठरतो. कादंबरीत नायिका तेच बोलते, आणि अख्खी गोष्ट तिच्या बाजूनं उभी असते.

मग लेखनाची कारागिरी. 'द हंगर गेम्स' आणि 'डायव्हर्जंट' या दोन्ही कादंबऱ्या 'मी'च्या तोंडून आणि वर्तमानकाळात सांगितल्या आहेत: मी पळते, मी श्वास रोखते. भूतकाळात सांगणारा माणूस वाचलेला असतो, हे वाचकाला आतून ठाऊक असतं. वर्तमानकाळात ती खात्री उरत नाही. प्रकरणं लहान असतात आणि बहुतेक प्रकरणं अशा जागी तुटतात की दिवा मालवणं अवघड जावं. पुस्तकाला हात न लावणारी मुलं या कादंबऱ्या दोन दिवसांत संपवतात, त्यामागं हे साधं तंत्रही आहे.

शेवटचं कारण आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. या गोष्टींत सोळा वर्षांच्या मुलीच्या निर्णयानं जगात खरंच काहीतरी हलतं. आपल्याकडं त्या वयाच्या मुलांना इतक्या वजनाचे निर्णय घ्यायला मिळतात कुठं?

३. 'द हंगर गेम्स' म्हणजे मुलांनी मुलांना मारायचं. हे कशाला वाचू द्यायचं?

कल्पना भयंकर आहे आणि ती भयंकरच वाटली पाहिजे. लेखिका सुझान कॉलिन्स यांनी या कल्पनेचं मूळ सांगितलं आहे: टीव्हीची वाहिनी बदलताना एकीकडं स्पर्धेचा रिअ‍ॅलिटी शो, दुसरीकडं इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू लागली. त्याला जोड मिळाली मिनोटॉर या राक्षसाला ठरावीक काळानं तरुण-तरुणींचा बळी देण्याच्या ग्रीक कथेची. म्हणजे हिंसा तमाशा म्हणून बघणाऱ्या प्रेक्षकावर हे पुस्तक बोट ठेवतं.

मुलांबरोबर चर्चेला बसाल तेव्हा मारामारीपाशी अडकू नका. या जीवघेण्या खेळात कुणी उतरायचं हे चिठ्ठी काढून ठरतं. त्या चिठ्ठ्यांचं गणित फळ्यावर मांडा. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पेटीत जाते, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. गरीब घरातल्या मुलाला जादा चिठ्ठ्यांच्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल घेता येतं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एकेक जादा चिठ्ठी, आणि त्याही दरवर्षी साठत जातात. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची आहे, घरी तीन माणसं. नेहमीच्या चिठ्ठ्या पाच, तीन माणसांच्या पाच वर्षांच्या जादा चिठ्ठ्या पंधरा, एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, त्याच्या बेचाळीस. पोटभर जेवणाऱ्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या फक्त पाच.

हे आकडे फळ्यावर आले की मुलं आपणहून बोलायला लागतात. नियम कागदावर सगळ्यांना सारखा, चिठ्ठी काढणारा हातही निष्पक्ष, आणि तरीही मरण गरिबाच्या वाट्याला चौपट. व्यवस्थेतला अन्याय कसा चालतो हे समजावायला यापेक्षा सोपं उदाहरण किशोरसाहित्यात आम्हाला माहीत नाही.

४. कुठल्या वयाला कुठलं पुस्तक?

वय हा ढोबळ हिशोब आहे. मूल आधी काय वाचत आलं आहे ते जास्त महत्त्वाचं.

सहावी-सातवीला लघुकथेपासून सुरुवात करा. आयझॅक असिमोव्ह यांची 'द फन दे हॅड' (१९५१) ही २१५७ सालात घडणारी, यांत्रिक शिक्षकाची दोन-तीन पानांची गोष्ट सीबीएसईच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षं होती, त्यामुळं घरात ताई-दादाचं जुनं पुस्तक असलं तर तिथंच सापडेल. आठवीला 'द गिव्हर'. भाषा सोपी, २३ प्रकरणं, आणि हिंसा जवळपास नाही. मात्र एकोणिसाव्या प्रकरणात एका तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे आणि तो थंडपणे सांगितला आहे. हळव्या मुलाबरोबर ते प्रकरण आपण शेजारी बसून वाचावं.

नववीला 'द हंगर गेम्स' आणि जॉर्ज ऑर्वेल यांची 'ॲनिमल फार्म' (१९४५). ऑर्वेल यांची कादंबरी दहाच प्रकरणांची आहे आणि प्राण्यांची गोष्ट म्हणून सातवीतलं मूलही ती वाचेल, पण भिंतीवरचे नियम रात्रीतून कसे बदलतात याची खरी गंमत चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळते. विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४) दहावीच्या सुट्टीत द्या. त्यात एका मुलाला त्याच्या जाडेपणावरून आणि चष्म्यावरून छळलं जातं आणि शेवटी तो मारला जातो. वर्गात ज्या मुलाला असा त्रास होतो आहे त्याच्या हातात हे पुस्तक देऊन मोकळं होऊ नका.

ऑर्वेल यांची '१९८४' अकरावीच्या आधी नको. छळाची दृश्यं लांबलचक आहेत, शेवट वाचकाला कुठलाच आधार देत नाही, आणि मधला मोठा भाग राजकीय निबंधासारखा आहे. नववीतली हुशार मुलं प्रतिष्ठेपायी ती हातात घेतात आणि तिसाव्या पानावर सोडतात. मग 'हा प्रकारच कंटाळवाणा' असं मत कायमचं बसतं, हे मोठं नुकसान. मार्गारेट ॲटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) आणि कौशुन ताकामी यांची 'बॅटल रोयाल' (१९९९) ही मोठ्यांची पुस्तकं आहेत, ती अठरानंतर.

५. मूल मराठी माध्यमात आहे. इंग्रजी झेपेल का?

'द गिव्हर' झेपतं. वाक्यं आखूड आहेत. पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा, कारण तिथं त्या समाजाचे खास शब्द येतात आणि मूल शब्दकोशात अडकतं. नियम असा ठेवा: एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक आत्ता अवघड आहे, बाजूला ठेवा. पाचांच्या आत असतील तर शब्दकोश न उघडता पुढं जा, अर्थ पुढच्या परिच्छेदात उलगडतो.

'ॲनिमल फार्म'ची मराठी भाषांतरं एकाहून जास्त आहेत. विकत घेण्याआधी पहिलं पान आणि सात आज्ञांचं पान वाचून बघा. आज्ञा तोंडात बसतील अशा उतरल्या असतील तरच ते भाषांतर घ्या, कारण सगळी गोष्ट त्या आज्ञांच्या बदलत्या शब्दांवर उभी आहे.

चर्चा मात्र मराठीतच व्हावी. इंग्रजी पुस्तकावर इंग्रजीतच बोलायचं असा आग्रह धरला की इंग्रजी माध्यमाची तीन मुलं बोलतात आणि बाकीची मान डोलावतात.

६. आधी सिनेमा बघितला तर चालेल?

'द हंगर गेम्स'च्या बाबतीत चालेल. सिनेमात (२०१२) चिठ्ठ्यांचं गणित आणि नायिकेच्या मनातला संशय बराचसा गळतो, त्यामुळं पुस्तकात नवं पुष्कळ उरतं. 'द गिव्हर' आधी वाचावं. पुस्तकात त्या जगात रंगच नाहीत हे आपल्याला नायकाबरोबर हळूहळू कळतं. पडदा ते पहिल्याच मिनिटाला दाखवून टाकतो.

७. शाळेत किंवा कॉलनीत वाचनगट सुरू करायचा आहे. कसा करावा?

आठ ते बारा मुलं घ्या. पंधराच्या वर गेलात तर दोन गट करा, नाहीतर मागची पाच जण फोनमध्ये जातात. दर पंधरा दिवसांनी एक बैठक, दीड तासाची. पहिली दहा मिनिटं कुणीतरी आवडलेला उतारा वाचतं, पुढचा तासभर चर्चा, शेवटची वीस मिनिटं लेखन किंवा चित्र.

सुरुवात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात करा. सहामाही परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च मोकळे सोडा. रविवार सकाळ क्लासमध्ये जाते, शनिवार दुपार बरी. डिसेंबरनंतर शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोठा सामना असेल त्या दिवशी बैठक ठेवू नका. निम्मा गट तिकडं जाणार आणि उरलेल्यांचं लक्षही तिकडंच असणार.

पुस्तकाचे तुकडे विचार करून पाडा. 'द हंगर गेम्स'चे तीन भाग आहेत, प्रत्येकी नऊ प्रकरणांचे, म्हणजे तीन बैठका सरळ होतात. 'द गिव्हर'साठी १ ते ८, ९ ते १८ आणि १९ ते २३ असे तुकडे करा. आठव्या प्रकरणात नायक जोनासची नेमणूक होते आणि नवव्यात त्याच्या हातात आठ सूचनांचा कागद पडतो. शेवटची सूचना अशी की तो आता खोटं बोलू शकतो. मग आपल्यासारखाच कागद इतर सगळ्यांनाही मिळालेला असेल का, हा विचार त्याच्या मनात येतो. पहिली बैठक या कागदाच्या अलीकडं थांबली की मुलं पुढचं प्रकरण त्याच रात्री वाचतात.

प्रश्न तीनच पुरेत, आणि ते प्रत्येक पुस्तकाला लागू पडतात. इथला नियम कुठल्या दुखण्यावर उपाय म्हणून आला? त्याचा फायदा कुणाला आणि किंमत कोण मोजतं? तो चुकतोय हे म्हणायची जागा कुठं आहे? मुलांना हे प्रश्न आधी कागदावर द्या. तयारीशिवाय विचारलेल्या प्रश्नाला वर्गातली दोनच मुलं उत्तर देतात, आणि ती कोण हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

'डायव्हर्जंट'च्या बैठकीत पेठा आणि तालमींचा विषय निघणारच. निघू द्या. त्या कादंबरीत रक्ताच्या नात्यापेक्षा गट मोठा मानला जातो. ज्या गावात माणसाची ओळख अजूनही पेठेवरून आणि तालमीवरून होते, तिथल्या मुलांना आपलेपणाची ऊब आणि त्याचा काच, दोन्ही ओळखीचे असतात. एवढंच पाहा की बोलणं कुठल्या संघाचे समर्थक कसे यावर घसरत नाही.

८. चर्चा फसते ती कशामुळं?

बहुतेक वेळा मोठ्या माणसामुळं. 'यातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न विचारला की मुलं परीक्षेतलं उत्तर देतात आणि गप्प होतात. दुसरी चूक म्हणजे पुढचं सांगून टाकणं. 'द गिव्हर'मधली 'मुक्ती' म्हणजे काय हे एकोणिसाव्या प्रकरणाआधी कुणाच्याही तोंडून बाहेर पडता कामा नये. ज्यांनी पुढं वाचलं आहे त्यांना सुरुवातीलाच तसं बजावा.

तिसरी अडचण नाजूक आहे. कुणीतरी म्हणतं, 'हे तर आपल्याकडं चाललंय तसंच', आणि दहा मिनिटांत पक्षांची नावं निघतात. विषय दाबू नका, दाबणं हा पुस्तकातलाच नियम झाला. त्याला पुस्तकाकडं वळवा: कुठलं पान, कुठला नियम, साम्य नेमकं कशात आणि फरक कशात? पान दाखवायला सांगितलं की घोषणा थांबतात आणि विचार सुरू होतो.

९. ही पुस्तकं वाचून मुलं प्रत्येक नियमाला विरोध करू लागतील ना?

ही भीती समजण्यासारखी आहे. तिचा उपाय म्हणजे सक्तीचा प्रत्येक नियम वाईट नसतो हे त्याच तीन प्रश्नांनी तपासून दाखवणं. त्यासाठी कोल्हापूरइतकं चांगलं उदाहरण शोधूनही सापडायचं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळात एक रुपया म्हणजे गरीब घराला चांगलाच चिमटा.

हा नियम मुलांपुढं ठेवा आणि विचारा, हा डिस्टोपिया का नाही? सक्ती आहे, दंड आहे, राज्यकर्त्याचा हुकूम आहे. मुलं वाद घालतील. कुणी म्हणेल, शेतात मुलाची मदत लागणाऱ्या घरानं काय करायचं? रास्त प्रश्न आहे. मग पुढचा प्रश्न येतो: या सक्तीनं माणसाच्या हातात काय दिलं? अक्षर दिलं, आणि अक्षर आलेला माणूस उद्या त्याच राज्यकर्त्याला जाब विचारू शकतो. 'फॅरनहाइट ४५१'मधली सक्ती हातातलं पुस्तक काढून घेते. दोन सक्तींमधला हा भेद जे मूल स्वतःच्या शब्दांत मांडू शकतं, ते घरातल्या रात्री दहानंतर फोन बंदच्या नियमावरही डोकं ठेवून बोलतं. वाद होईल, पण कारणं देऊन होईल, आणि तुम्हालाही कारणं द्यावी लागतील. तेवढी तयारी ठेवा.

१०. मूल निराश होईल का?

'१९८४' किंवा 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'नंतर दोन-चार दिवस गप्प राहणं स्वाभाविक आहे. तो पुस्तकाचा परिणाम आहे आणि चांगल्या पुस्तकाचा व्हायलाच हवा. अशा दोन जड कादंबऱ्या पाठोपाठ देऊ नका. मध्ये विनोदी किंवा साहसाचं काहीतरी असू द्या. रात्री झोपण्याआधीचा शेवटचा तास या पुस्तकांसाठी वाईट, दुपार किंवा संध्याकाळ चांगली.

मात्र झोप उडणं, जेवण तुटणं, शाळा नकोशी होणं, 'जगून काय उपयोग' अशी भाषा, यातलं काही दिसलं तर पुस्तकाला दोष देऊन ते काढून घेणं हा उपाय नव्हे. दुखणं बहुधा आधीचं असतं आणि पुस्तकामुळं त्याला शब्द मिळालेले असतात. मुलाजवळ बसा, ऐका, समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

११. महापूर बघितलेल्या मुलांना जगबुडीच्या गोष्टी द्याव्यात का?

सरसकट नको आणि सरसकट बंदीही नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापूरच्या मुलाला पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, महामार्ग बंद पडला, आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे राहिले, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली होती. २०२१ मध्ये पुन्हा तेच. ज्या घरात पाणी शिरलं त्या घरातल्या मुलाला बुडालेल्या शहराची कादंबरी आपणहून देऊ नका. त्यानं मागितली तर नाही म्हणू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गटाला असं पुस्तक लावू नका.

या मुलांकडं एक वेगळी समज असते. कुणाचं घर उंचावर, कुणाचं नदीकाठी, मदतीची गाडी आधी कुठं पोचली, कुणाचा पंचनामा लवकर झाला, हे त्यांनी पाहिलेलं असतं. संकट सगळ्यांवर सारखं येतं आणि सारखं सोसावं लागत नाही, हा या कादंबऱ्यांचा गाभा त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

१२. मराठीत आणि भारतात असं काय आहे?

किशोरांसाठी थेट या प्रकारची मराठी कादंबरी आजही दुर्मीळ आहे, आणि ही उणीव आम्हाला मनापासून खटकते. सुरुवात जयंत नारळीकरांपासून करावी. त्यांचा जन्म कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८ चा. त्यांच्या 'वामन परत न आला'मध्ये आपल्या आधीच्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो आणि ती संस्कृती स्वतःच्याच यंत्रांपायी कशी संपली हे उलगडत जातं. रूढ अर्थानं हा डिस्टोपिया नाही, पण शहाणपणाचा वाटणारा उपाय अंगावर कसा उलटतो हे त्यात आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेशी रोज बोलणाऱ्या आजच्या मुलाला ते लगेच भिडतं.

रोकेया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' (१९०५) ही छोटी इंग्रजी कथा जरूर घ्या. तिच्यात पुरुष घरात आणि स्त्रिया राज्यकारभारात आहेत. वर्गात मुलींना हे स्वप्न वाटतं आणि मुलांना तुरुंग, आणि तिथून जी चर्चा पेटते ती दीड तासात संपत नाही. सत्यजित राय यांचा 'हीरक राजार देशे' (१९८०) हा बंगाली सिनेमा उपशीर्षकांसह दाखवा. राजा शाळा बंद करतो आणि मेंदू धुवायचं यंत्र बसवतो. सगळी पात्रं यमकात बोलतात, फक्त शिक्षक साधं गद्य बोलतो. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांचं त्यांनाच ऐकू येऊ द्या.

१३. माझ्या मुलीला स्वतःच अशी कथा लिहायची आहे. कुठून सुरुवात करावी?

ओळखीच्या जागेपासून. एकच नियम बदलायचा. समजा, रंकाळ्यावर संध्याकाळी सातनंतर एकट्यानं चालायला परवाना लागतो. किंवा मार्कांप्रमाणे नळाचं पाणी मिळतं. मग त्या नियमाचं चांगलं कारण लिहायचं, इतकं चांगलं की वाचकाला पटावं. पुढं तीन माणसं: एकाला नियमाचा फायदा, एकाला त्रास आणि एकाचं काम तो राबवण्याचं. तिसरं माणूस सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते दुष्ट नसावं. पहारेकरी शेजारचे काका असले तर कथा जिवंत होते.

आधी एक साधा दिवस लिहायचा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी नियम मोडला जाऊ द्यायचा. आठशे ते बाराशे शब्द पुरेत. पहिल्या दोन पानांत त्या जगाचा इतिहास सांगत बसलं की कथा मरते. इतिहास वाचकाला परवान्याच्या कार्डावरून, भिंतीवरच्या पाटीवरून कळू द्यावा. खदखदा हसणारा हुकूमशहा, जॅक आणि एलेना अशी नावं, आणि शेवटच्या ओळीत 'ते सगळं स्वप्न होतं', हे तिन्ही पहिल्या खर्ड्यात हमखास येतं. येऊ द्या, दुसऱ्या खर्ड्यात काढा.

१४. ही लाट ओसरली ना? मग आता कशाला?

प्रकाशनाची लाट ओसरली हे खरं. 'डायव्हर्जंट' मालिकेचा २०१६ मधला सिनेमा आपटला आणि शेवटचा निघालाच नाही. एकाच साच्याची पुस्तकं फार झाली होती. वाचक मात्र दरवर्षी नव्यानं चौदा वर्षांचे होतात, आणि 'हंगर गेम्स'च्या जगातली नवी कादंबरी २०२५ मध्येही आली.

१५. पुस्तकं मिळवायची कशी? अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स चालेल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ऑर्वेल १९५० मध्ये गेले, त्यामुळं त्यांची मूळ इंग्रजी पुस्तकं २०११ पासून मुक्त आहेत. हक्सले १९६३ मध्ये गेले, त्यांची २०२४ पासून. ही दोन्ही आणि रोकेयांची कथा तुम्ही बिनदिक्कत छापून वाटू शकता. मराठी भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, त्याची झेरॉक्स नको. लोरी, कॉलिन्स, रॉथ यांची पुस्तकं विकतच घ्यावी लागतील. बारा मुलांच्या गटाला चार प्रती पुरतात, तिघांत एक, प्रत्येकाला पाच दिवस. वहीत तारीख आणि सही घ्या.

पायरसीची पीडीएफ टाळायचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे: त्यांत पानं गळलेली असतात आणि प्रत्येकाचे पान क्रमांक वेगळे, त्यामुळं 'पान दाखव' म्हणता येत नाही. १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात सभासद होऊन लेखी मागणी नोंदवा. एकट्या पालकानं मागितलेलं पुस्तक यादीत राहतं. आठ-दहा जणांनी एकाच शीर्षकाची मागणी एकाच आठवड्यात नोंदवली, तर पुढच्या खरेदीत ते येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मागणीत लेखकाचं पूर्ण नाव आणि मालिकेतला क्रमांक लिहायला विसरू नका, नाहीतर दुसरा भाग येतो आणि पहिला येतच नाही.